शेवटचे सहा आकडे

अंबा एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला लागली तेव्हा डॉक्टर मॅडम माझ्याआधी प्लॅटफॉर्मवर उतरून उभ्या होत्या. खांद्याला बॅग, छातीशी कागदांची फाइल. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, ते चेहऱ्यावरच दिसत होतं. अमरावतीत त्यांचं लहान मुलांचं हॉस्पिटल आहे. वीस वर्षं इमानानं काम करून स्वतःच्या पैशांनी घेतलेली ही त्यांची पहिली मनाजोगती गाडी.

माझं काम हेच. अमरावती, अकोला, यवतमाळकडच्या माणसाला हवी ती गाडी जवळपास मिळत नाही. मग बुकिंग मुंबईला नाहीतर पुण्याला होतं, आणि गाडी तपासून, कागद जुळवून ती घरापर्यंत नीट पोचवायला मी सोबत जातो. अकरा वर्षं झाली.

गाडी होती फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय. मे 2025 मध्ये ती भारतात आली, तीही तयार बांधलेली, थेट बाहेरून. पहिल्या खेपेत 150 गाड्या. तेव्हा शोरूमची किंमत 53 लाख, इंजिन दोन लिटरचं टर्बो, ताकद 265 पीएस, आणि शून्यावरून शंभरचा वेग 5.9 सेकंदांत. बाहेरून पाहिली तर साधी पाच दारांची हॅचबॅक. जीटीआयचं मला हेच आवडतं, 1976 पासून तिनं कधी आव आणला नाही.

तीन आठवडे माझं फोनवर फोन चाललं होतं. अलॉटमेंट झाली, म्हणजे नेमकी कोणती गाडी आपली हे ठरलं, त्याच दिवशी मी तिचा चासी नंबर लेखी मागून घेतला, कारण पुढचं सगळं त्या सतरा अक्षर-आकड्यांवर उभं असतं. विमा त्याच नंबरावर निघतो. विक्रीचा फॉर्म 21, गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा फॉर्म 22, बाहेरून आलेली गाडी म्हणून कस्टम्सचे कागद, सगळीकडे तोच नंबर. मॅडमना पाटीवर नंबर अमरावतीचा, एमएच-27 चाच हवा होता. म्हणजे मुंबईतून तात्पुरती नोंदणी करायची, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं लावून गाडी अमरावतीला आणायची आणि कायमची नोंदणी आपल्या आरटीओत.

शोरूमवाल्यांनी स्वागत मनापासून केलं. गाडीवर कापड, वर मोठी फीत, शेजारी केक, फोटोग्राफर तयार. मी म्हटलं, "कापड काढायच्या आधी आम्हाला पंधरा मिनिटं द्या." हे सांगताना मला दर वेळी जिवावर येतं. माणूस आनंदात असतो आणि आपण टॉर्च काढतो. पण एकदा फोटो झाले, पेढा तोंडात गेला, की कोणीही कागद बघत नाही.

मॅडमनी फाइल उघडली. मी कापडाचा कोपरा उचलून समोरच्या काचेच्या खालच्या कडेला टॉर्च धरला. त्या एकेक अक्षर मोठ्यानं वाचायच्या, मी "हो" म्हणायचो. डब्ल्यू, व्ही, डब्ल्यू. हो. सुरुवातीचं सगळं जुळत गेलं. ते जुळतंच, एका खेपेच्या गाड्यांत फरक पडतो तो शेवटच्या आकड्यांत. शेवटी मॅडम म्हणाल्या, "चार, एक."

काचेखाली होतं शून्य, सात.

मी पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा तेच. दार उघडून पट्टीवरचा नंबर पाहिला, तिथंही शून्य, सात. कागद बरोबर होते. गाडी दुसरी होती.

चौकशी केल्यावर कळलं ते असं. त्याच लाल रंगाच्या दोन गाड्या आल्या होत्या. दुसरीचे मालक संध्याकाळी यायचे होते. यार्डातून आणताना अदलाबदल झाली आणि धुऊनपुसून मॅडमसाठी सजवली गेली ती त्यांची. मॅडमची गाडी अजून भिवंडीच्या यार्डात होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली.

मॅनेजर बाहेर आले. "मॅडम, दोन्ही गाड्या अगदी सारख्या आहेत. तुम्ही हीच न्या, कागद आम्ही दोन दिवसांत बदलून पाठवतो." बोलणं नम्र होतं, आणि मला ते फार घातक वाटलं. सहाशेच्या वर किलोमीटर जायचं होतं. वाटेत काही झालं असतं तर ज्या गाडीचा विमा मॅडमच्या हातात होता ती भिवंडीत उभी, आणि ज्या गाडीत त्या बसलेल्या ती दुसऱ्याच माणसाची. मी हे सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधी मॅडमच बोलल्या.

"आमच्याकडे बाळाच्या मनगटावर पट्टी असते. आईच्या हातातल्या पट्टीशी जुळवल्याशिवाय आम्ही बाळ देत नाही. सगळी बाळं सारखीच दिसतात म्हणून कोणतंही देत नाही ना?"

मॅनेजर गप्प झाले. आमचा सेल्सवाला मुलगा, पंचविशीचा असेल, भिंतीला टेकून उभा होता, हात थरथरत होते. मी त्याला बाहेर नेऊन पाणी दिलं. चूक यार्डातली होती. त्यानं तीन आठवडे माझा एकही फोन चुकवला नव्हता.

मॅडमनी घरी फोन लावला. तिकडे आईनं ओवाळणीचं ताट करून ठेवलं होतं. "काहून गं, आज नाही येत?" एवढं मला ऐकू आलं. बाकी मी दूर जाऊन उभा राहिलो.

गाडी दुपारी तीनला आली. मग मी घाई केली नाही. चासी नंबर, इंजिन नंबर, काचांवरचे शिक्के, टायरवर छापलेला, तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. टायरमधली हवा प्रवासासाठी ठेवतात तशीच जास्त होती. जहाजातून येणाऱ्या, महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टायरला चपटेपणा येऊ नये म्हणून ती भरतात, आणि डिलिव्हरीआधी उतरवायची असते. समृद्धीवर तापलेल्या काँक्रीटवरून जायचं असताना ही गोष्ट मी दुसऱ्या कोणावर सोडत नाही. टायर थंड होऊ दिले आणि तक्त्याप्रमाणे चारही चाकांची हवा स्वतः जुळवली. रात्री निघायचं नाही असं ठरलं. नवी गाडी, न झोपलेली माणसं, आणि अंधार.

पहाटे पाचला निघालो. मॅडम चालवत होत्या, मी शेजारी. भिवंडीजवळच्या आमण्याला समृद्धीवर चढलो, इगतपुरीच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर आलो तर समोर नुसतं हिरवं आणि पाऊस. 120 ची परवानगी असलेला मोकळा रस्ता आणि हाताशी असली गाडी. त्यांचा पाय शिवशिवत असणार. पण नव्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर पूर्ण रेटायचं नसतं, आणि एकाच वेगावर तासन् तासही ठेवायचं नसतं. मी सांगत राहिलो, "आता नव्वद. आता थोडं वाढवा. आता सोडा." त्या हसून म्हणाल्या, "दादा, हे तर बाळाला पहिलं जेवण भरवल्यासारखं आहे." जालन्यापर्यंत त्या माझ्या सांगण्याआधीच वेग बदलू लागल्या. त्यानंतर मी बोललोच नाही. त्या चौकड्यांच्या सीटवर मला मधे डुलकी लागली, इतका विश्वास बसला.

अमरावतीत शिरलो तेव्हा दुपार टळली होती. आई फाटकात उभ्या, हातात ताट. गाडीला कुंकू लावायला पुढे आल्या आणि बोट बॉनेटजवळ नेऊन थांबल्या.

"हीच ना गं आपली?"

मॅडमनी फाइल उघडली नाही. शेवटचे सहा आकडे त्यांनी घडाघडा तोंडपाठ म्हटले, आणि मी वाकून काचेखाली बघत एकेका आकड्याला "हो" म्हणत गेलो.