आठ दिवसांचं वर्ष

माझी लेक 8 ऑक्टोबरची. पहिलीच्या प्रवेशाला 30 सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण हवीत, असं शाळेनं सांगितलं आणि आठ दिवसांवरून पोरगी एक वर्ष मागे राहिली. पुढे काही वर्षांनी शासनानं हीच तारीख 31 डिसेंबरपर्यंत नेली. त्या दिवशी सासूबाईंनी पेपर हातात धरून मला अर्धा तास सुनावलं, जणू तो शासननिर्णय मीच उशिरा काढला होता. 'आठ दिवसांनी पोरीचं वर्ष खाल्लं' हे वाक्य आमच्याकडे सणावाराला निघतं, पाहुण्यांसमोर निघतं, गॅसची टाकी उशिरा आली तरी निघतं.

माझ्या बहिणीची मुलगी ऑगस्टची. दोघींत जेमतेम दोन महिन्यांचं अंतर, पण ती एक इयत्ता पुढे. ती पुण्यात, आम्ही सांगलीत. आठवीच्या दिवाळीत लेक मावशीकडे राहून आली आणि ताट पुढ्यात घेऊन म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी ती दहावी देणार. मी पण देणार." मावशीच्या सोसायटीतला एक मुलगा पोहण्याच्या सरावासाठी शाळा सोडून 'ओपन'मधून, म्हणजे मुक्त शाळेतून, दहावी करत होता. तिथून हे डोक्यात शिरलेलं. म्हणजे नववीच्या वर्षातच दहावी उरकायची आणि ते आठ दिवस वसूल करायचे.

खरं सांगते, मला आधी गुदगुल्याच झाल्या. आपली पोरगी हुशार आहे हे दुसऱ्यानं म्हणण्याची वाट आपण बघत असतो, इथे तीच म्हणत होती. यांचं मार्केट यार्डात हळदीचं दुकान आहे. हे म्हणाले, "माल तयार आहे का बघ, मग सौदा कर." सासूबाईंनी तर देवापुढे साखर ठेवली.

मी पतसंस्थेत कामाला आहे. कुठलीही गोष्ट कागदावर आल्याशिवाय मला कळत नाही, म्हणून एक फाईल केली.

पहिला कागद 17 नंबर फॉर्मचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायच्या अर्जाचा. आमच्या पिढीत हा फॉर्म म्हणजे शिक्षण सुटलेल्यांचा. आमच्या संस्थेतल्या एका मावशींनी चाळिशीत त्याच फॉर्मवर दहावी काढून पेढे वाटले होते. परीक्षा राज्य मंडळाचीच, आमच्यासाठी कोल्हापूर विभागीय मंडळ. पण अर्जाला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. म्हणजे आधी नाव काढा, मग पुढचं बोला. शाळा सुटलेल्यांसाठी केलेली सोय वापरायला धडधाकट चालू असलेली शाळा सोडायची, हे मला काही पटेना.

दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. 1989 मध्ये नॅशनल ओपन स्कूल म्हणून सुरू झालेली, 2002 पासून आत्ताचं नाव. दहावीला वयाची अट चौदा पूर्ण. पाच विषय, त्यात एक तरी भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पासिंग 33 टक्क्यांना. सगळे विषय एका दमात द्यायची सक्ती नाही, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. खेळाडू, आजारी मुलं, कामाला जाणारी मुलं यांच्यासाठी मला तरी याहून शहाणी व्यवस्था दिसली नाही. लेकीनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला विषयांचे क्रमांक लिहून ठेवले: गणित 211, विज्ञान 212, सामाजिक शास्त्रे 213, मराठी 204, इंग्रजी 202. आठवडाभर ती हे नंबर एसटीच्या वेळापत्रकासारखे घडाघडा म्हणत होती.

चौकशीला एका अभ्यासकेंद्रावर गेले. तिथल्या माणसानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "मॅडम, टेन्शन नाही. टीएमए आमची पोरं लिहून देतात, शाळेतलं नावही राहू दे, कोण बघतंय?" टीएमए म्हणजे घरी लिहून द्यायचा स्वाध्याय, त्याला 20 टक्के गुण असतात. मी चहा अर्धा टाकून उठले. दुसऱ्या केंद्रातल्या बाई बऱ्या निघाल्या. त्यांनी सरळ सांगितलं, "नाव तिकडे आणि परीक्षा इकडे असा खेळ करू नका, पुढे कागद अडतात. यायचं तर शाळा सोडून या. आणि पुढच्या एप्रिलला बसायचं तर प्रवेश या वर्षीच घ्यायला हवा."

म्हणजे निर्णय नववी सुरू होतानाच, जूनमध्ये.

मग ज्याला त्याला विचारत सुटले. यांचे एक मित्र म्हणाले, "डॉक्टर करणार असाल तर घाई करू नका, नीटला 31 डिसेंबरपर्यंत सतरा पूर्ण लागतात." मी बोटांवर हिशोब केला. दहावी एक वर्ष आधी दिली काय, दोन वर्षं आधी दिली काय, आमची ऑक्टोबरची पोरगी दोन्हीत बसत होती. ज्या 8 ऑक्टोबरनं शाळेच्या दारात अडवलं होतं, तीच तारीख इथे निवांत आत जात होती. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग अडलंय कुठं?"

अडलं होतं अकरावीपाशी, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. 2025 चा मे-जून होता. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश त्या वर्षी पहिल्यांदाच राज्यभर लागू झाले होते. साइट बंद पडत होती, तारखा पुढे सरकत होत्या. आमच्या शेजारणीचा मुलगा त्यात अडकलेला, म्हणून रोजचं रामायण भिंतीपलीकडून ऐकू यायचं. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल 13 मेला लागला होता. एनआयओएसच्या एप्रिल-मेच्या परीक्षेचा निकाल आला जूनमध्ये. म्हणजे एक वर्ष वाचवायला निघायचं आणि अकरावीच्या दारात इतरांच्या मागे उभं राहायचं. पुढच्या फेऱ्यांत जागा मिळतेच, नाही असं नाही. पण हवं ते कॉलेज मिळेल याची खात्री मला कोण देणार? बहिणीला म्हटलं तर ती म्हणाली, "अगं, हवं ते कॉलेज नियमित मुलांना तरी कुठं मिळतंय?" तेही खरंच.

आता 'माल'. आमच्या गल्लीत गणिताचे एक निवृत्त सर राहतात. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून वर्गातलाच. ते म्हणाले, "वहिनी, बोर्ड कुठलंही असू दे. आधी बालभारतीचं दहावीचं पुस्तक पेलतंय का बघू. दोन महिने द्या." एप्रिल-मेच्या सुट्टीत लेक रोज सकाळी सात वाजता त्यांच्या ओट्यावर. वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, जीएसटी, समरूपता, पायथागोरस. ती खूश, सर खूश. मे संपताना सरांनी खरी परीक्षा घेतली: चाळीस-चाळीस गुणांचे तीन पेपर, प्रत्येकाला दोन तास, टेबलावर गजराचं घड्याळ, पाणी प्यायलाही उठायचं नाही.

बीजगणित 33. भूमितीत 19. इतिहास-राज्यशास्त्रात 14.

भूमितीचा पेपर सरांनी माझ्यासमोर उघडला. जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर होती, पण पानं ओकीबोकी. पक्ष नाही, साध्य नाही, सिद्धतेत एका पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी. 'कंसात कारण लिहा' म्हटलेलं तिथे कंसच नाही. एका प्रमेयाखाली लिहिलं होतं, 'हे दिसतंच आहे.' सरांनी त्या वाक्याभोवती लाल गोल केला होता आणि रागवायच्या ऐवजी ते हसत होते. "हिला कळतं, पण दुसऱ्याला कळवायची सवय नाही. ती सवय वर्गात लागते. फळ्यापुढं उभं राहून, चारजणांनी टोकून."

इतिहासाचा पेपर मीच वाचला. 'सविस्तर उत्तरे लिहा'ला अडीच ओळी. विचारलं तर म्हणाली, "मुद्दा तेवढाच होता." खोटं नव्हतं तेही.

हे 14 बघून मी मनातून माघार घेतली होती, पण लेक नाही. "अजून दहा महिने आहेत," ती म्हणाली. आणि दहा महिन्यांत 14 चे 30 होतात, अशक्य काही नसतं. त्यामुळे भांडण गुणांवर मिटेना. जून उजाडला. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात आम्ही दोघी दाखल्याची 'चौकशी करायला' शाळेच्या ऑफिसात गेलो. चौकशी हे नाव, पर्समध्ये अर्ज लिहून तयार होता.

लिपिक भाऊसाहेबांनी आधी जनरल रजिस्टर काढलं, मग दाखल्याचा कोरा नमुना. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी. प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. त्यांचं पेन एका रकान्यावर थांबलं. 'शाळा सोडण्याचे कारण.'

"काय लिहू?"

मी लेकीकडे बघितलं. ती छताच्या पंख्याकडे बघत होती.

"बदली?" त्यांनी विचारलं. नाही. "बाहेरगावी?" नाही. "मग पालकांची विनंती लिहितो, सगळे तेच लिहितात."

मला 'लिहा' म्हणता येईना. बदली असती, आजार असता, खेळ असता, तर तोंडातून शब्द निघाला असता. 'आठ दिवस' असं काही त्या रकान्यात लिहिता येत नाही. मी म्हटलं, "उद्या येते." भाऊसाहेबांनी टोपण लावलं. "या की. कोरा कागद आहे, कुठं जातोय."

बाहेर येऊन स्कूटर काढली. आयर्विन पुलावरून येताना मागून आवाज आला, "आई, मी वर्गात सगळ्यात उंच आहे." म्हटलं, बरं मग? मग ते हळूहळू बाहेर पडलं. प्रार्थनेच्या रांगेत कायम शेवटी. वर्गाच्या फोटोत बाईंच्या शेजारी उभी. सहावीत एका मुलीनं विचारलेलं, "तू नापास झालीस का गं?" आणि त्यानंतर वर्षभर तेच. 'घोडी'ही म्हणायच्या. आठ दिवसांचं पालुपद घरात आम्ही गंमत म्हणून वाजवत होतो, आणि ती ते रोज दप्तरात घालून शाळेत नेत होती. मी पूल ओलांडल्यावर गाडी बाजूला घेतली. काय बोलावं कळेना, म्हणून कणसं घेतली.

खरं कारण कळल्यावर परीक्षा लवकर देण्यातला जोरच गेला. शाळा सोडून घरी अभ्यास करायचा म्हणजे रांगेत शेवटी उभं राहायला नको, इतकंच तर होतं. त्यासाठी मैत्रिणी, शाळेचे 20 गुण, प्रयोगवही, कबड्डीचा संघ, सगळं सोडायचं? आणि मधेच बिनसलं तर परतीची वाट नाही. दहावीत बसायला नववीचा निकाल लागतो आणि तो आपल्याकडे नसणार. हे शेवटचं मी तिला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली. दोन दिवसांनी म्हणाली, "राहू दे. पण आजीला सांग, ते आठ दिवस आता बंद."

सासूबाईंना सांगणं हे एनआयओएसच्या माहितीपुस्तिकेपेक्षा अवघड होतं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एके दुपारी लेकीच्या केसांना तेल लावताना म्हणाल्या, "मला वाटलं तुझ्या बाजूनं बोलते मी." लेक म्हणाली, "माहितीये." पुढे मी आत निघून गेले.

तो निर्णय बरोबर होता का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. एखाद्या मुलाचा सराव असेल, आजारपण असेल, किंवा शाळाच छळत असेल, तर मी उद्याच त्याला त्या दुसऱ्या केंद्रातल्या बाईंकडे पाठवीन. आमच्याकडे भाऊसाहेबांच्या रकान्यात लिहायला काही नव्हतं. फेब्रुवारीत बहिणीच्या मुलीचा दहावीचा पहिला पेपर होता, त्या दिवशी लेक सकाळपासून घुश्शात होती. 'आज मी पण तिथे असते,' एवढंच बोलली आणि दप्तर घेऊन नववीच्या वर्गात गेली. ते ऐकून मला झोंबलं, अजून झोंबतं.

आता ती दहावीत आहे. सरांकडे अजून जाते, पण भूमिती कमी आणि 'सविस्तर उत्तरे' जास्त. परवा पुण्याहून मावशीनं पार्सल पाठवलं: मावसबहिणीच्या वह्या, जुने प्रश्नसंच, प्रयोगवहीचा नमुना. लेकीनं अधाशासारखं सगळं जमिनीवर पसरलं, भूमितीचा प्रश्नसंच उघडला आणि किंचाळली. मावसबहिणीनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उत्तरं पेनानं सोडवून ठेवली होती, पक्ष, साध्य, सिद्धता आणि कंसातल्या कारणांसकट.

"हे काय आता! मी काय सोडवू?"

आजी पलंगावरून म्हणाली, "वर्षभर आधी दिली असतीस तर कोरं मिळालं असतं."

लेकीनं तिच्याकडे बघितलं. आजीनं जीभ चावली आणि भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं.