सहाशे रुपयांचं मिग-२१

जोडायच्या प्लास्टिक विमानाचं खोकं मी आणलं, पण बाबांनी वरच्या चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात, तिच्यातून मधल्या धडाचे दोन भाग सुटे करून मी त्यांच्या हातात दिले, तर त्यांचा अंगठा आधी शेपटीच्या बुडाशी गेला. "डबा आहे," म्हणाले. उतरल्यावर वेग कमी करणाऱ्या ब्रेक पॅराशूटचा. "म्हणजे एफएल. आपलं टाइप ७७." मिग-२१चा एक प्रकार.

बाबा वायुसेनेत एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारे. तेजपूरला वर्षानुवर्षं त्यांनी ही विमानं उघडली, मिटली. शेवटची पोस्टिंग इथे वायुसेनानगरला, मेंटेनन्स कमांडमध्ये, आणि मग नागपूर काही सुटलं नाही. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला, तेव्हा ते टीव्हीसमोर बसून होते, एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हाच मनात आलं की घरात एक एफएल असायला हवं. दिवाळीच्या गर्दीत सीताबर्डीवरच्या एका दुकानात हे किट दिसलं. १/७२ स्केल, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं; सहाशे रुपये.

स्वस्त किट घेताना मी एकच गोष्ट बघते: आकार. बारकावे नंतर करता येतात, पण साच्यातच नाक आखूड झालं असेल तर हात टेकावे लागतात. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर. त्याला ७२ने भागलं की ९९ मिलिमीटर आणि वर थोडं. पंख नुसते टेकवून स्टीलची पट्टी लावली. बरोबर ९९. नाकातला शंकूही नीट मधोमध बसतो. इथेच माझे सहाशे वसूल झाले.

बाकी उणिवा आहेत, आणि त्या सांगायलाच हव्यात. पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा कोरलेल्या नाहीत, उठावाच्या आहेत. सांधा घासला की रेषाही जाते. कडांना जादा प्लास्टिकचा पापुद्रा. कॉकपिटमध्ये खुर्ची म्हणून एक चपटी वडी, पण काच इतकी जाड की आतलं काही दिसणार नाही, म्हणून ती तशीच ठेवली. विमानाचा वेग मोजणारी पीटो नळी काडेपेटीतल्या काडीएवढी. ती कापून शिवणाची सुई बसवली. डेकलच्या, म्हणजे विमानावर चिकटवायच्या छापील खुणांच्या, तिरंगी चक्रात पांढरा रंग सरकलाय, त्यामुळे एका बाजूला केशरी कडा अगदी बारीक झाली आहे.

खरा त्रास पंख आणि धडाच्या सांध्याचा. डावीकडे नख जाईल एवढी फट. दुसरं एखादं विमान असतं तर हिरव्या-करड्या रंगाखाली लपलं असतं. पण बाबांना ते चांदीसारखं, उघड्या धातूचं हवं होतं, आणि चांदीचा रंग काहीच लपवत नाही. फ्रेमचे तुकडे सोल्युशनमध्ये विरघळवून ती लापशी फटीत भरली, दोन दिवस वाळू दिली, मग ४००, ८०० आणि १०००चा पाण्याचा पॉलिश पेपर. प्राइमर मारला की ओरखडा दिसायचा. पुन्हा घासणं. असं तीनदा. रंगाचा हात दिला की गच्चीवर सावलीत ठेवून वर डाळीचा रिकामा डबा पालथा घालायचा, धूळ बसू नये म्हणून.

आणि एक, जोडायला घेणाऱ्यांनी विसरू नये: या विमानाची चाकं लावली की ते शेपटीवर बसतं. धड मिटवायच्या आधीच नाकात वजन घाला. मी सायकलवाल्याकडचे छर्रे एम-सीलमध्ये दाबून भरले.

काल संध्याकाळी बाबांनी ते तळहातावर घेतलं. चष्मा वर करून बराच वेळ डावा सांधा बघितला. बोलले काही नाही. फिटर माणूस बोलला नाही म्हणजे काम बरं आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मग काचेवर नख टेकवून म्हणाले, "ही चिकटवली का गं?"

"नाही अजून."

"बंद नको लावूस. ही मागे नाही, पुढे उघडायची. अशी." आणि त्यांनी मनगट टेबलावर टेकवून पंजा हळूहळू पुढे कलता केला. तेजपूरला रोज सकाळी त्या हाताने हेच केलं असणार.

काच पुढे झुकवूनच लावीन. मग आतली वडी उघडी पडेल. कालच कार्डशीट आणून ठेवली आहे, खुर्ची नव्याने करायला घेतली.