आबांचा चित्रांचा वाडा

आबांची एक गोष्ट आमच्या घरात कधी कुणी खरी मानली नाही. तीच शोधत यंदा मे महिन्यात मी इटलीला जाऊन आले.

आबा म्हणजे माझे आजोबा. गडहिंग्लजजवळच्या आमच्या खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी ते बेळगावला गेले आणि मराठा पलटणीत भरती झाले. पहिली बटालियन, जंगी पलटण. आधी बसरा आणि इराकचं वाळवंट, मग १९४३ च्या सप्टेंबरात आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीतलं तारांतो बंदर. तिथून लढाई संपेपर्यंत पायी उत्तरेकडे. पुढे हवालदार होऊन पेन्शनीवर घरी आले आणि साठ वर्षं शेती केली. २०१८ च्या पावसाळ्यात गेले तेव्हा शहाण्णव वर्षांचे होते.

आम्हा नातवंडांना ते 'बांबिनो' म्हणत. चहाबरोबर पाव मागताना 'पाने' म्हणत. गोठ्यात पांढऱ्या कपाळाची म्हैस आली, तिचं नाव त्यांनी 'बेल्ला' ठेवलं. आमचा भाग सीमेवरचा, त्यामुळे सगळ्या गावाला वाटलं की कानडीतला बेल्ल, म्हणजे गूळ. तिचं दूध गोड म्हणून आबांनी ते नाव ठेवलं असणार. इटालियनमध्ये बेल्ला म्हणजे सुंदर, हे मला पुण्यात कॉलेजात असताना कळलं. सुट्टीत घरी जाऊन विचारलं तेव्हा आबा नुसते हसले.

लढाईबद्दल ते फारसं बोलत नसत. पहाटे साडेचारला उठायचं, अंगण स्वतः झाडायचं, सात वाजून पाच मिनिटांनी रेडिओवर बातम्या ऐकायच्या आणि मग रानात जायचं. छातीवरची पदकं ट्रंकेत. त्यातल्या इटली स्टारची लाल, पांढरी, हिरवी फीत मी लहानपणी बाहुलीला बांधली होती, तरी ते रागावले नाहीत. एक गोष्ट मात्र ते पुन्हा पुन्हा सांगत. लढाई चालू असताना एका मोठ्या वाड्यात त्यांची पलटण शिरली. तळघरात आसपासच्या गावांची माणसं लेकराबाळांसह लपलेली, आणि वर दालनांमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं. बैलगाडीएवढी. "एका बाईच्या अंगावर समदी फुलं, पदरातबी फुलं. सायेब म्हणाला, पहारा लावा, बोटसुद्धा लावायचं न्हाई कुणी." आणि शेवटी, कुणी न विचारता, "कापडावर न्हवं बाये, फळीवर काढलेलं हुतं."

बाबांना वाटायचं, एखाद्या चर्चमधलं चित्र असेल. चुलते म्हणायचे, म्हातारपणी दोन-चार आठवणी एकत्र होतात. मीही तेच समजत होते. आबा गेल्यानंतर दोन वर्षांनी पलटणीचा इतिहास शोधता शोधता एक नाव सापडलं: मोंतेगुफोनी.

फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला साधारण वीस किलोमीटरवर हा किल्लेवजा वाडा आहे. युद्धात बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातली चित्रं आसपासच्या खेड्यांतल्या वाड्यांमध्ये हलवली होती, त्यातली फार मोठी ठेव इथे होती. १९४४ च्या जुलैअखेर जर्मन मागे हटले आणि या भागात आमची मराठा पलटण पोचली. उफिझीचे ग्रंथपाल चेझारे फासोला चित्रांच्या काळजीपोटी लढाईच्या रेषेतून पायी चालत इथे येऊन राहिले होते. आणि त्या चित्रांत बोत्तिचेल्ली या जुन्या इटालियन चित्रकाराचं 'प्रिमावेरा' होतं. वसंत ऋतूचं चित्र. फुलांच्या झग्यातली, ओच्यात फुलं घेतलेली फ्लोरा, फुलांची देवी, त्याच चित्रात आहे.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. इतकी वर्षं आबा खरं सांगत होते आणि आम्ही मान डोलावून दुसरा विषय काढत होतो.

उफिझीत मी सकाळी दार उघडतानाच शिरले. प्रिमावेरासमोर गर्दी होतीच. चित्र दोन मीटर उंच आणि तीन मीटरहून लांब आहे, आबांची बैलगाडी अगदी बरोबर होती. संत्र्यांनी लगडलेली झाडं, मध्ये व्हीनस आणि उजवीकडे ती. तिच्या झग्यावरची फुलं शिंपडल्यासारखी वाटतात, आणि ओच्यातली ती मुठीने उधळते आहे, आपल्याकडे बाई सुपातलं धान्य कोंबड्यांना टाकते तशी. मी आधी पाटी वाचली. तिच्यावर लिहिलं होतं, लाकडावर टेंपरा. फळीवर.

तिथे मी रडले. शेजारच्या एका वयस्क बाईंनी काही न विचारता रुमाल पुढे केला.

दुपारी ट्राम धरून कास्चिने बागेत गेले. बागेच्या पार पश्चिम टोकाला, जिथे मुन्योने ओढा आर्नो नदीला मिळतो, तिथे आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, अवघे वीस वर्षांचे. त्यांना दोन पाण्यांच्या संगमावर अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथे हे स्मारक झालं. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांनीच आखला. खाली महाराजांचा अर्धपुतळा, फेटा आणि गळ्यात मोत्यांच्या माळा. जवळच्या पुलाला लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात.

आबा म्हणत, "म्हाराजांस्नी मुजरा करून आलो." हेही आम्ही नीट ऐकलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, कोल्हापूरला नव्या राजवाड्यावर गेले असतील. विशीबाविशीची पोरं, घर सोडून तीन-तीन वर्षं झालेली, रोज कुणी ना कुणी पडतंय, आणि परक्या मुलखात नदीकाठी अचानक आपले महाराज दिसतात. त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार करत मी पायऱ्यांवर बराच वेळ बसले. बरोबर आणलेला नारळ फोडायला तिथे बरं वाटेना, म्हणून नुसता ठेवला आणि वाकून मुजरा केला.

दुसऱ्या दिवशी गाडी करून मोंतेगुफोनीला गेले. वळणावळणाचा रस्ता, दोन्हीकडे ऑलिव्हची झाडं, द्राक्षांचे मळे, बांधांवर लाल पॉपीची फुलं. वाड्याचा उंच मनोरा दुरूनच दिसतो. आता तिथे पाहुण्यांना राहायला खोल्या आहेत. एकेकाळी तो सिटवेल या इंग्रज घराण्याचा होता. तिथे काम करणाऱ्या बाईंना मी आबांचा फोटो दाखवला आणि मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये 'नोन्नो, सोल्दातो, इंदियानो' एवढं म्हटलं. त्यांनी हातातलं काम टाकलं आणि मला सगळा वाडा फिरवला. थंड दगडी तळघर, कमानी, आणि ती मोठी दालनं. एका भिंतीला मी पाठ टेकून उभी राहिले. इथेच कुठेतरी बंदूक घेऊन आबा उभे असतील. ज्यांना चौथीपुढे शिकायला मिळालं नाही, त्यांच्या पहाऱ्यात ती जगप्रसिद्ध चित्रं होती. त्या पोरांनी त्यांना बोट लावलं नाही. मला आबांचा इतका अभिमान त्यांच्या पदकांकडे बघून कधी वाटला नव्हता.

फ्लॉरेन्सहून फाएन्झाला जाणारी आगगाडी अपेनाइन डोंगर ओलांडते. बोगदे, दरी, चेस्टनटची रानं, मारादी नावाचं टुमदार स्टेशन. याच डोंगरात जर्मनांची गॉथिक लाइन ही बचावाची फळी होती आणि १९४४ चा सगळा पावसाळी हिवाळा आमची डिव्हिजन चिखलात, खेचरांवर शिधा चढवत लढत होती. आबांच्या डाव्या पायाची दोन बोटं कायमची बधिर झाली ती त्या थंडीत. ते थंडीत पाय शेकत बसत तेव्हा आजी म्हणायची, "पाय इटलीतच र्‍हायलेत ह्यांचे."

फाएन्झाजवळची सेनिओ नदी बघून मात्र मी चकित झाले. आमच्या हिरण्यकेशीच्या निम्मीही नाही. पण दोन्ही काठांवर पुरासाठी घातलेले वीस-तीस फूट उंच बांध आहेत, आणि जर्मन त्या बांधांच्या पोटात बसले होते. ९ एप्रिल १९४५ ला दुपारी आधी विमानं आली, मग तोफा, आणि सांजेला पलटण पाण्यात उतरली. त्याच हल्ल्यात पहिल्या बटालियनच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन पाणी आणि सुरुंग ओलांडले, मशीनगनच्या चौक्या एकट्याने उडवल्या, हाताला जखम झाल्यावर हातबाँबने लढले आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. आबांनी ती गर्जना दुसऱ्या कंपनीतून ऐकली होती. "अंधारात शिवाजी म्हाराजांचं नाव आलं, मग पाय आपसूक उचलले," एवढंच ते सांगत. पुढचं सांगत नसत, कारण त्या रात्री त्यांचा गावचा जोडीदार गेला.

दोघं एकाच दिवशी बेळगावला भरती झाले होते, एकाच ताटात जेवत होते. परत आल्यावर आबा त्याच्या आईच्या घरी गेले, आणि ती जिवंत असेपर्यंत दर दिवाळीला तिला लुगडं नेत राहिले. सर्वपित्री अमावस्येला आमच्या घरी पितरांच्या पानांशेजारी एक पान जास्त वाढलं जाई. आम्ही विचारलं की आजी म्हणायची, आबांच्या भावाचं. आबांना सख्खा भाऊ नव्हता.

म्हणून शेवटचा मुक्काम फोर्ली. गावाबाहेर हिंदी सैन्याची दफनभूमी आहे. जवळजवळ पाचशे कबरी, आणि ज्यांना अग्नी दिला त्या सुमारे पावणेआठशे जणांची नावं वेगळ्या स्मारकावर. गवत इतकं नीट कापलेलं की आबांना समाधान वाटलं असतं. मी नावं वाचत गेले. शिंदे, पवार, मोरे, सावंत, जाधव. रोमन अक्षरांत कोरलेली सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगावची घरंच्या घरं. तासाभराने तो सापडला. आडनावात एक अक्षर चुकलं होतं, पण नंबर तोच, जो आबांनी पोथीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवला होता.

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन दगडाकडे फिरवला. बाबा शेतात होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, नाव मोठ्याने वाचलं, गावात म्हणतात तसं, चूक दुरुस्त करून. मग बराच वेळ दोघंही बोललो नाही. मागून मोटरीच्या पाण्याचा आवाज येत होता. घरून आणलेली चिमूटभर तांबडी माती मी दगडाच्या पायाशी ठेवली आणि गूळ-खोबरं वाहिलं.

परत आल्यावर यंदाच्या सर्वपित्रीला आईने वडे, खीर, भाजी सगळं केलं. पानं मांडताना ती थांबली आणि मला म्हणाली, "आबांच्या पानाशेजारीच मांड त्यांचं. एका ताटात जेवायचे नव्हं दोघं?"