तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चमधल्या त्या काळ्या पाट्या

इंग्लंडमधल्या जुन्या चर्चचे फोटो टाकले की कोणीतरी हमखास विचारतंच, ताई, भिंतीवर उंच टांगलेल्या त्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या काळ्या पाट्या कसल्या आणि तुम्ही दरवेळी त्यांचेच फोटो का काढता? तर सांगते.

त्याला हॅचमेंट म्हणतात. बड्या घरातलं माणूस गेलं की घराण्याचं कुलचिन्ह लाकडावर नाहीतर कॅनव्हासवर रंगवून घ्यायचे, ते घराच्या दर्शनी भिंतीवर सहा महिने, कधी वर्षभर लावायचे आणि मग गावच्या चर्चमध्ये नेऊन टांगायचे. १७व्या शतकात हे सुरू झालं, व्हिक्टोरिया राणीच्या काळात मागे पडत गेलं. खाली बरेचदा लॅटिन शब्द असतो, रेसुर्गाम, म्हणजे मी पुन्हा उठेन.

पण खरी गोष्ट असते कुलचिन्हाच्या मागे भरलेल्या रंगात. लग्न झालेलं नसेल किंवा जोडीदार आधीच गेलेला असेल तर सगळं काळं. नवरा गेला आणि बायको मागे आहे, तर आपल्या डाव्या हाताची त्याची बाजू काळी आणि उजवीकडची तिची पांढरी, बायको गेली तर बरोब्बर उलट. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला, अगदी वाचता न येणाऱ्यालासुद्धा, दार न वाजवता कळायचं की आत कोण एकटं राहिलंय. मला हे फार मोठं वाटतं.

आमच्या जवळच्या एका चर्चमध्ये एकाच जोडप्याच्या दोन पाट्या शेजारी शेजारी आहेत. पहिली त्याची, अर्धी पांढरी, रंगाला बारीक भेगा गेल्यात. दुसरी तिची, दोघांची तीच चिन्हं, फक्त ढालीच्या जागी शंकरपाळी कारण ढाल लढणाऱ्याची मानायचे, वर शिरस्त्राणाऐवजी निळ्या रिबिनीची गाठ, आणि मागे सगळं काळं.

बाबा गेल्यावर आई इकडे आली होती तेव्हा तिला तिथे नेलं. रंगांचं सांगितलं तर ती मान वर करून त्या पांढऱ्या अर्ध्याकडेच बघत राहिली, आणि म्हणाली, ही नंतर किती वर्षं होती गं? खाली भिंतीतल्या संगमरवरावर दोघांच्या तारखा होत्या, आम्ही दोघी बोटांवर मोजत उभ्या राहिलो. ३१ वर्षं.