तुम्ही विचारलंत म्हणून: मग इथे का नाही चालवत?

आमच्या सोसायटीत हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. लिफ्टमध्ये येतो, हळदीकुंकवाला येतो, नणंदेकडे तर ताट वाढता वाढता येतो. "तिकडे व्हिएतनामला तू शंभर किलोमीटर मोटरसायकल चालवत समुद्रावर गेली होतीस ना गं? मग इथे मालाड स्टेशनपर्यंत तरी चालव की! रिक्षाला कशाला रोज पैसे घालतेस?" परवा खालच्या मजल्यावरच्या काकांनीही हेच विचारलं, तेही माझ्या हातात भाजीच्या दोन जड पिशव्या असताना. तेव्हा म्हटलं, एकदा नीट सांगूनच टाकावं.

आधी मोटरसायकलचं. तुमच्या डोळ्यांपुढे बुलेट असेल तर ती काढून टाका. माझी होंडा वेव्ह होती, 110 सीसीची. मधे पाय टाकून बसता येतं, गिअर आहेत पण क्लच नाही. आपल्याकडे पूर्वी हिरो होंडाची स्ट्रीट यायची, साधारण त्या घराण्यातली. तिथे भाजीवालीपासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे असल्या गाड्यांवर फिरतात.

2013 ते 2016 आम्ही सायगावला राहिलो. सरकारी नाव हो चि मिन्ह सिटी, पण आपण अजून व्हीटी म्हणतो तसं तिथली माणसं सायगावच म्हणतात. नवरा तेलविहिरींच्या कामातला. आधी मुंबई हायवर होता, मग तिथल्या समुद्रात. अठ्ठावीस दिवस रिगवर आणि अठ्ठावीस दिवस घरी. म्हणजे वर्षातले सहा महिने मी एकटी, अशा शहरात जिथे ना लोकल ना मेट्रो. तिथली पहिली मेट्रो धावली ती थेट 2024 च्या डिसेंबरात. मुंबईत मला आयुष्यात कधी चाक हातात धरावं लागलं नव्हतं. तिथे वयाच्या अडतिसाव्या वर्षी धरावं लागलं.

शिकवलं समोरच्या दारातल्या शेजारणीने. तिला मी 'ची' म्हणायचे. ची म्हणजे ताई. त्या भाषेत 'तू-तुम्ही'च्या जागी नातीच वापरतात. समोरचा आपल्यापेक्षा लहान की मोठा हे आधी ठरवायचं, मगच वाक्याला तोंड फुटतं. ती मला 'एम' म्हणायची, धाकटं भावंड. आम्हा दोघींना मिळून इंग्रजीचे पन्नासेक शब्द येत असतील, त्यातले वीस भाज्यांचे. रात्री दहानंतर गल्ली रिकामी झाली की माझे धडे चालायचे.

इथेच तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर आहे. मी पडायचे, गाडी मधेच बंद पाडायचे, वळताना कुणाच्या तरी कुंडीला धडकायचे, आणि लोक खिडकीतून, ओट्यावरून, मागच्या गाडीवरून काहीतरी ओरडायचे. मला शब्द कळत नव्हते. 'अक्कल आहे का' म्हणत असतील, 'लागलं का' म्हणत असतील. मी दरवेळी दुसरा अर्थ धरायचे. हसून मान हलवायचे, गाडी उचलायचे. आपल्याला काय म्हणतात ते कळत नसलं की माणूस फार पटकन शिकतो. मालाडला हे शक्य आहे का, सांगा. इथे मला मराठी कळतं, हिंदी कळतं, गुजराती कळतं, आणि रिक्षावाल्याची नजरही कळते.

आता त्या सफरीचं. 30 एप्रिल हा तिकडे सुट्टीचा दिवस, 1975 साली त्या दिवशी युद्ध संपलं म्हणून. 1 मेचीही सुट्टी, कामगार दिनाची. (आपला महाराष्ट्र दिन तिथे कुणाच्या गावी नव्हता. मी सकाळी देवापुढे दिवा लावताना एकटीनेच 'जय महाराष्ट्र' म्हटलं.) 2015 साली गुरुवार-शुक्रवारी या सुट्ट्या आल्या, पुढे शनिवार-रविवार. सगळं सायगाव समुद्राकडे निघालं. नवरा रिगवर, म्हणजे तसा तोही समुद्रावरच. ची म्हणाली, चल वुंग तावला.

ची पुढे, तिच्या पायांत धाकटा उभा, मागे थोरली, आणि मधे चटई. मागून मी एकटी, सीटवर दोरीने बांधलेला बर्फाचा खोका घेऊन. बायकांचा वेष असा: अंगभर कापड, हातमोजे, डोळ्यांखाली सगळा चेहरा झाकणारं फडकं. पुण्याच्या रस्त्यावर आहोत असं वाटायचं. फरक एवढाच की प्रत्येकीच्या डोक्यावर हेल्मेट. 2007 च्या डिसेंबरपासून तिथे ते सक्तीचं झालं आणि लोक ते खरोखर घालतात.

सायगावहून निघालेला मोठा एक्सप्रेस-वे आहे, पण त्यावर दुचाकीला मज्जाव. ऐकून मला घरच्यासारखंच वाटलं. आपल्याकडेही सी लिंकवर दुचाकी चालत नाही, कोस्टल रोडवर नाही, पुढे 2024 मध्ये 21.8 किलोमीटरचा अटल सेतू झाला तर त्यावरही नाही. समुद्राला लागून जो म्हणून चांगला रस्ता होईल तो चारचाकीवाल्यांचा, हा नियम दोन्ही देशांत सारखाच. मग दुचाकीवाले जातात कात लायच्या फेरीबोटीने, दोंग नाय नदी ओलांडून. ही फेरी हेच माझं त्या सफरीतलं सगळ्यात आवडतं ठिकाण. शेकडो गाड्या इंजिन बंद करून एकमेकींना खेटून उभ्या आणि माणसं गाडीवरच बसलेली, कारण उतरायला जागाच नाही. त्या फटीतून एक आजी लॉटरीची तिकिटं विकत येते, एक मुलगा तिळाच्या वड्या. सकाळी आठ अठ्ठावन्नच्या चर्चगेट लोकलमध्ये टिकल्या-पिना विकणारी बाई जशी वाट काढते, अगदी तशीच. त्या गर्दीत मला पहिल्यांदा वाटलं की या देशात आपल्याला वावरता येतं. परदेशातल्या इतर मराठी बायकांना तिथल्या गर्दीची भीती वाटायची. मला रिकामा रस्ता दिसला की भीती वाटते.

पलीकडे उतरलं की पुढे 51 नंबरचा महामार्ग. त्याला कडेने दुचाकीसाठी वेगळी पट्टी आहे. वेग तीस-चाळीसचा, सगळ्यांचा सारखा. कोणी फार पुढे जात नाही, कोणी अचानक थांबत नाही. सायगावात रस्ता ओलांडायचाही हाच मंत्र: सावकाश चालत राहा, थबकू नका, गाड्या तुम्हाला वळसा घालून जातील. आपल्याकडे पायी माणूस धावतो, गाडीवाला त्याचा अंदाज घेतो आणि दोघंही चुकतात.

अर्ध्या वाटेवर माझं मागचं चाक बसलं. भलामोठा खिळा. रस्त्यावर मुद्दाम खिळे टाकणारे महाभाग तिथेही आहेत, त्यांना नावसुद्धा आहे. पन्नास पावलांवर जुना टायर टांगलेला आणि त्यावर चुन्याने 'पंप-पंक्चर' अशा अर्थाचं लिहिलेलं. इतक्या जवळ दुकान पाहून मुंबईकराच्या मनात जी शंका येते ती माझ्याही आली. पण दुकानातला म्हातारा इतका कुरकुरत, इतक्या निगुतीने ट्यूब घासत होता की शंका गिळली. वीस हजार झाले. वीस हजार दोंग, म्हणजे तेव्हाचे आपले साठेक रुपये. तेवढ्या वेळात आम्ही शेजारच्या झोळ्यांच्या दुकानात पडून राहिलो. तिथे महामार्गाला लागून अशी कॉफीची दुकानं असतात. खुर्च्या नाहीत, ओळीने झोळ्या टांगलेल्या. एक बर्फाची कॉफी घ्या आणि हवं तेवढं झोपा. आपल्या पनवेल-पेण रस्त्यावर कुणी हे का काढत नाही?

वुंग तावला दोन किनारे आहेत, पुढचा आणि मागचा. लोटतात सगळे मागच्यावर. तो पूर्वेला तोंड करून आहे. जुहू, गिरगाव, आक्सा अशा किनाऱ्यांवर वाढलेल्या माणसाला हे पचतच नाही. समुद्रात सूर्य बुडतो, निघत नाही! दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून मी ते पाहिलं. एकटीच असेन असं वाटलं होतं. आधीच हजारभर माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून गप्पा मारत होती.

पण पहिल्या दिवसाची गर्दी सांगते. गाडी लावायची तर पोऱ्याने सीटवर खडूने नंबर लिहिला आणि तोच नंबर चिठ्ठीवर खरडून हातात दिला. पुढे वाळू दिसेना, छत्र्याच छत्र्या. पाणी गढूळ, मोठ्या नद्यांच्या मुखाजवळचं, आपल्यासारखंच. बायका अंगभर कपड्यांत पाण्यात, हेही आपल्यासारखंच. चटईवर उकडलेले खेकडे, भाजलेले माकुल, थर्मासात भात. भाड्याच्या ट्यूबा. लाइफगार्डची शिट्टी अखंड, कारण त्या किनाऱ्याला आत ओढणारे प्रवाह आहेत. आक्साला किती पोरं गेलीत ते मी लहानपणापासून ऐकत आले, त्यामुळे मी घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही. ची हसली. तिच्या पोरांनी मला बर्फाच्या खोक्यासकट भिजवलं.

मग मी गोड्या पाण्याने अंग धुवायला गेले. पैसे देऊन आंघोळीची सोय रस्त्याच्या बाजूला असते. बाहेर आले तर छत्र्या सगळ्या एकाच रंगाच्या. आमची कुठली? फोन चीच्या पिशवीत. डावीकडे चालले, उजवीकडे चालले, पुन्हा डावीकडे. अर्धा तास गेला असेल. भोंग्यावरून सारखं काहीतरी चाललं होतं. शब्द कळत नव्हते, पण तो सूर मला पाठ होता. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर हाच सूर असतो: लाल फ्रॉक, वय वर्षं चार, नाव सांगत नाही. हरवलेल्या पोरांची यादी. मला त्या आयांची दया आली. चालत राहिले.

आणि त्या सगळ्या अगम्य आवाजात एक शब्द कानावर आला. 'अन् दो.' पुन्हा, 'अन् दो.'

अन् दो म्हणजे इंडिया. मला येणाऱ्या तीस-चाळीस शब्दांतला एक.

हरवलेलं पोर मीच होते.

लाइफगार्डच्या टेहळणीच्या खोपट्यात मला एका बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं. शेजारच्या स्टुलावर गळ्यात ट्यूब अडकवलेला एक खराखुरा चार वर्षांचा मुलगा रडत बसला होता. आम्हा दोघांना उसाचा रस दिला. तो माझ्याकडे बघून रडायचा थांबला. बहुधा म्हटलं असेल, एवढी मोठी हरवते तर आपलं काय चुकलं. मग ची आली. दहा मिनिटं मला झापलं, हातवारे करून, सगळ्यांसमोर. एकही शब्द ओळखीचा नव्हता आणि दुसरा अर्थ धरायला या वेळी जागाच नव्हती. मी सहा वर्षांची असताना जुहूला आईचा हात सोडला होता, तेव्हा तिने हेच भाषण मराठीत केलं होतं.

रात्री ची बान खोत खायला घेऊन गेली. ते तर आप्पेच. तसंच खोलगट खळ्यांचं पात्र, तांदळाचं पीठ, वर कोळंबी आणि सुक्या कोळंबीची भुकटी. फक्त पाल्यात गुंडाळून खायचे. मी तीन ताटल्या खाल्ल्या. टेकडीवर 32 मीटर उंचीचा येशूचा पुतळा आहे, आतून जिने चढून खांद्यापर्यंत जाता येतं. पोरं गेली, मी खाली थांबले. परतीचा रस्ता तोच आणि सांगण्यासारखं काही घडलं नाही. एक गंमत मात्र आहे. 2025 च्या जुलैपासून वुंग ताव सायगावच्याच कारभारात घातलंय. म्हणजे आजच्या हिशोबाने, मधला दुसरा प्रांत सोडला तर, मी त्या शहरातल्या शहरातच फिरून आले. हे नणंदेला सांगू नका.

राहिलं इथलं. एक साधं कारण असं की मी शिकलेच रस्त्याच्या उजव्या बाजूने. हात-पाय त्या बाजूचे झालेत. दुसरं, इथली पेव्हर ब्लॉकची वाट आणि दोन्हीकडून चेपणाऱ्या बसेस. पण ही कारणं तुम्हालाही सुचली असती.

खरं तर मी प्रयत्न केला. गेल्या जानेवारीत एका रविवारी भल्या सकाळी भाच्याची ॲक्टिव्हा घेतली आणि मार्वेला निघाले. तिथल्या धक्क्यावरून मनोरीला जाणाऱ्या बोटीत दुचाकी चढवता येते. मनात कात लायची फेरी. ऑर्लेमच्या आसपास मागून एक रिक्षावाला ओरडला, "ओ मावशी, डावी धरा ना, डावी!" त्याचं बरोबर होतं. मी उजवीकडे सरकले होते. मग दूधवाला काहीतरी म्हणाला. मग बसस्टॉपवरची दोन पोरं. सगळं कळलं, शब्दन् शब्द.

तरी पोचले. भरतीचं पाणी वर आलेलं, बोट लागलेली. फळीसमोर मी जरा थबकले, तर बोटीवरचा विशीतला मुलगा पुढे आला आणि अगदी अदबीने म्हणाला, "उतरा आजी, मी चढवतो."

आजी!

मी गाडी वळवली. टपरीवर चहा घेतला. समोर मनोरी दिसत होती, दहा मिनिटांवर.