जतच्या माळावर, नाकाचा फोटो

'वाळवंटाचे फोटो काढायला जैसलमेरला कशाला जायचं, आपलं जत आहे की!' आमच्या सांगलीतल्या फोटोवाल्यांत दर उन्हाळ्यात हे कुणीतरी म्हणतंच. ऐकायला बरं वाटतं, पण जतमध्ये वाळूची टेकडी शोधून सापडायची नाही. वर्षाला 250 मिलिमीटरच्या आत पाऊस पडला की वाळवंट. जतला साधारण 500 पडतो, फक्त हवा तेव्हा पडत नाही. माळ मुरमाड आहे. त्यावर चुकार बाभळी, हिवर, तरवडाची झुडपं. आणि जिथं म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी पोचलं तिथं डाळिंब, द्राक्षं. म्हणजे वाळवंट दाखवायचं तर कॅमेरा सारखा वळवत बसायचा, कारण इकडं ठिबकची नळी येते आणि तिकडं बेदाण्याचं शेड.

मिरज, कवठेमहांकाळ, नागज फाटा, जत. चुलतभाऊ गाडी चालवत होता आणि मला शिव्या घालत होता. दिवस तर उन्हानंच खाल्ला. अकरानंतर जमिनीवर झळा नाचायला लागतात, लांबच्या लेन्सनं फोकसच लागत नाही. धाविक पक्ष्याची एक जोडी दिसली. चार पावलं पळायची, थबकायची, मान ताठ करायची, की पुन्हा पळायची. धड फोटो एकही नाही. दुपारी एका धाब्यावर 200 रुपयांचं ताट घेतलं, त्यात भाकरी गार.

खरं तर आलो होतो रात्रीसाठी. अमावस्या जवळ होती. चैत्रात विंचू, म्हणजे वृश्चिकाच्या चांदण्या, दहा-साडेदहाला उगवतो आणि आकाशगंगेचा दाट पट्टा दीडनंतर चांगला वर येतो. माडग्याळच्या बाजूला एका धनगराचं बिऱ्हाड शेतात बसलं होतं. वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण लावलेलं, आत मेंढरं, बाहेर दोन कुत्री आणि एक घोडी. त्यांना विचारून शेजारच्या बांधावर ट्रायपॉड लावला. मावशींनी हुलग्याचं माडगं पाजलं. ताटाचे पैसे खरं म्हणजे तिथं द्यायला हवे होते, पण घेईनात.

मी हेडलॅम्प लावला आणि मामा ओरडले, "बॅटरी बंद करा की ताई, मेंढरं बिथरत्यात! लांडगा आला वाटंल त्यास्नी." मग अंधारात चाचपडत सगळं. 20 सेकंदांचं एक्सपोजर, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं; त्याहून जास्त ठेवलं की पृथ्वी फिरते म्हणून चांदण्यांच्या रेघा होतात. पट्टा सुंदर आला होता. पण क्षितिजावर ओळीनं लाल ठिपके! पवनचक्क्यांवरचे इशाऱ्याचे दिवे. कुठंही वळा, पाठ सोडत नाहीत. विमानांसाठी लागतात, मान्य आहे. पण रात्री दोन वाजता, झोप मोडून, गारठ्यात बसलेल्या माणसाला ते पटत नाही.

मामा घोंगडी गुंडाळून शेजारी येऊन बसले. मी त्यांना स्क्रीनवर आकाशगंगा दाखवली. त्यांनी बघितली, वर खरं आभाळ बघितलं, आणि म्हणाले, "ही तर रोजचीच हाय. आमच्या बकऱ्याचा फोटू काढून देता का?"

सकाळी उजाडल्या उजाडल्या बकरं समोर उभं. माडग्याळी मेंढा: पांढरं अंग, विटकरी डाग, लोंबते लांब कान आणि कपाळाखालून सुटलेलं बाकदार नाक. किंमत त्या नाकात असते. आटपाडीच्या जत्रेत अशा नाकावर लाखांत बोली लागते. मी सवयीनं समोरून क्लिक केलं. मामा वैतागले. "तोंडावरनं कशाला? नाक गेलं की समदं!" मग शिकवणी सुरू झाली. आडव्या अंगानं काढा. खाली बसा, बकऱ्याच्या डोळ्याएवढं. उभं राहून काढलं की नाक चपटं येतं. ऊन समोरच्या अंगानं पडू द्या, बाक उठून दिसतो. दावं दिसायला नको, गिऱ्हाईक म्हणतंय बकरं मारकं आहे. मी मुरमात गुडघे टेकून बसले, खडे रुतत होते. मावशी चारा हलवून बकऱ्याचं ध्यान वेधत होत्या, भाऊ दावं फ्रेमबाहेर धरून उभा होता. बकरं मात्र बघायचं तिकडं नाही बघत.

मामा एकेक फोटो बघून "न्हाई", "न्हाई", "कान आखडलाय", "न्हाई" करत गेले. पुण्याच्या वर्कशॉपमध्ये पैसे भरून इतकं खणखणीत मत मला कुणी दिलं नव्हतं. शेवटी एकावर बोट ठेवलं. ऊन नाकाच्या उंचवट्यावर, कान सरळ खाली, पाय एका रेषेत. "ह्यो."

घरी पोचल्यावर त्यांच्या मुलाच्या नंबरवर तो फोटो टाकला आणि हौसेनं सोबत आकाशगंगाही. लाल ठिपके तासभर बसून पुसले होते. संध्याकाळी उत्तर आलं: "ताई बकरं एक नंबर. आभाळाचा चुकून आलाय काय? डाव्या बाजूनं बी एक पाठवा."

डाव्या बाजूचा काढलाच नव्हता. भाऊ म्हणतो, आता पेट्रोल तुझं.