चाळीस डबे

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात मी विधी सेवेच्या यादीतली वकील आहे. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. त्या दिवशी मात्र माझं काम कोर्टात नव्हतं, रामबागेतल्या एका घराच्या दारात होतं.

घर सासूबाईंच्या नावावर. सून तिथल्याच स्वयंपाकघरातून भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या मुलांना डबे द्यायची. नवरा पैसे काढून घ्यायचा, हात उचलायचा. एका रात्री त्यानं तिला बाहेर काढून आतून कडी लावली. माझ्याकडे आली तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, “ताई, घर माझ्या नावावर नाही, मग मी कोणत्या तोंडानं जाऊ?”

मी तिला म्हटलं, जायचं ते हक्कानं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्याचं सतरावं कलम सांगतं की, बाई ज्या घरात नांदली तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, मालकी असो वा नसो. २००६मधल्या एका निकालामुळे सासू-सासऱ्यांच्या नावावरची घरं यातून निसटायची. ऑक्टोबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सतीश चंदर आहुजा खटल्यात तो निकाल चुकीचा ठरवला. समोरच्या वकिलांनी तरी जुनाच मुद्दा मांडला. कोर्टानं तो मानला नाही. निवासाचा अंतरिम आदेश मिळाला, ठाण्याला मदत करायचे निर्देशही मिळाले.

आदेश घेऊन ती एकटी गेली असती, तर दार उघडलंच नसतं. आम्ही तिघी तिच्याबरोबर गेलो: संरक्षण अधिकारी, एक महिला कॉन्स्टेबल आणि मी. अधिकारी मॅडम ई-रिक्षानं आल्या. त्यांना गाडी नाही, आणि हे काम सोडून आणखी दोन कामं त्यांच्या गळ्यात. या कायद्याची सगळी भिस्त त्यांच्यावर. घटनेचा अहवाल त्यांनीच भरायचा, आदेश अमलात येतोय ना तेही त्यांनीच बघायचं. त्यांना नेमणं राज्य सरकारचं काम, असं आठवं कलम सांगतं; अकरावं कलम प्रशिक्षणाचं आणि कायदा लोकांपर्यंत पोचवण्याचं. तरी २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की, हे अधिकारी जिल्ह्यात-तालुक्यात नेमा. कायदा लागू होऊन तेव्हा अठरा वर्षं उलटली होती. मला याचा राग येतो. कायद्याच्या पाठीशी सरकार उभं आहे असं मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा या पदावर पूर्ण वेळ माणूस असेल आणि त्याला जायला गाडी असेल.

दार सासूबाईंनी उघडलं. कॉन्स्टेबलनं आदेश पुढे केला. त्यातल्या ‘साझी गृहस्थी’, म्हणजे सामायिक घर, या हिंदी शब्दांपाशी सासूबाई अडखळल्या. “मराठीत सांग बाई, काय लिहिलंय ते.” मी सांगितलं: घर तुमचंच राहील, फक्त हिला बाहेर काढता येणार नाही. नवरा मागून ओरडत होता. मॅडमनी त्याला शांतपणे ऐकवलं की कोर्टानं संरक्षणाचाही आदेश दिलाय, तो मोडलास तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड. तो गप्प झाला. सासूबाई बाजूला सरल्या.

मला वाटलं, ती आता रडेल. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. शेगडी होती, मोठी परात होती. मांडणीवर डबे मात्र अकराच.

“चाळीस होते,” ती म्हणाली. “स्टीलचे, तीन पुडाचे. माझ्या पैशांचे.”

सासूबाई पदराशी चाळा करत पुटपुटल्या, “भंगारवाल्याला दिले त्यानं.”

वस्तू परत देण्याचा आदेशही कोर्ट देऊ शकतं. मॅडमनी तिथेच ओट्यावर कागद ठेवून यादी करायला घेतली. कॉन्स्टेबल एकेक डबा उचलून मोठ्यानं मोजत होती, “नौ, दस, ग्यारह.” आणि ही त्यांच्या शेजारी उभी राहून सांगत होती, “झाकणांवर माझं नाव कोरलेलं आहे मॅडम, तेही लिहा.”